पत्र्याचा गेज म्हणजे नक्की किती जाडी? तिन्ही दरपत्रकांत '१८ गेज', मग दर वेगळे कसे?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. वाईजवळ गावी आमच्या घराला लोखंडी गेट करायचंय आणि गोठ्याचं छप्पर बदलायचंय. गेट आठ फूट रुंद, सहा फूट उंच, दोन दारांचं. चौकटीला चौकोनी पाइप आणि आतून सपाट पत्रा, असं साधंच काम आहे. तीन फॅब्रिकेशनवाल्यांकडून दरपत्रक घेतलं. तिघांनीही लिहिलंय 'एमएस पत्रा १८ गेज' (एमएस म्हणजे साधं स्टील). पण तिसऱ्याचा दर बाकी दोघांपेक्षा बराच खाली आहे. मजुरीत एवढा फरक पडेल असं वाटत नाही, म्हणून पत्र्याकडेच लक्ष गेलं.

पहिल्याला विचारलं, १८ गेज म्हणजे किती जाड? तो म्हणाला १.२ मि.मी. दुसरा म्हणाला, "एक एमएम धरा." तिसऱ्याने हातातला तुकडा वाकवून दाखवला आणि "हा बघा १८" एवढंच सांगितलं. मग मोबाइलवर तक्ते शोधले, तर गोंधळ आणखी वाढला. १८ गेजसमोर एका तक्त्यात १.२१९ आहे, दुसऱ्यात १.२१४, तिसऱ्यात १.३११, चौथ्यात १.२७ आणि एका ठिकाणी चक्क १.०२४. पाचही आकडे १८ गेजचेच!

यातलं खरं काय? आणि नंबर वाढला की पत्रा पातळ कसा होतो? मी शाळेत इतिहास शिकवतो, या विषयात कोरा आहे. आईवडील गावी एकटे असतात, त्यामुळे गेट एकदाच आणि नीट व्हावं एवढीच इच्छा आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

भोसरीकर

सर, तुम्ही शोधलेले पाचही आकडे बरोबर आहेत. अडचण तिथेच आहे.

१.२१९ हा ब्रिटिश स्टँडर्ड वायर गेजचा १८ नंबर, आपल्याकडे त्याला एसडब्ल्यूजी म्हणतात. १.२१४ हा अमेरिकेत साध्या स्टीलच्या पत्र्याचा १८. १.३११ हा तिथल्याच जस्त चढवलेल्या पत्र्याचा, १.२७ स्टेनलेसचा आणि १.०२४ ॲल्युमिनियमचा. म्हणजे 'गेज' हे माप नाही, तो एका यादीतला अनुक्रमांक आहे. यादी कुठली आणि धातू कुठला हे कळल्याशिवाय त्या नंबरला अर्थ नाही. भारतात पत्र्याच्या बाजारात गेज म्हटलं की बहुतेक वेळा एसडब्ल्यूजी धरतात, म्हणून तुमच्या पहिल्या फॅब्रिकेशनवाल्याचं १.२ हे उत्तर योग्य आहे.

नंबर उलटा का, याचं उत्तर तारेत आहे. हे आकडे मुळात पत्र्याचे नव्हतेच, तार ओढणाऱ्यांचे होते. जाड सळई एका भोकातून ओढायची, मग त्याहून लहान भोकातून, मग आणखी लहान. जितक्या वेळा ओढली तितका नंबर मोठा आणि तार तितकी बारीक. इंग्लंडात प्रत्येक कारखान्याची भोकांची पट्टी वेगळी असायची, त्यामुळे एकाची १८ नंबर तार दुसऱ्याच्या १८ शी जुळत नसे. शेवटी १८८३ मध्ये तिथल्या सरकारने एकच यादी ठरवली आणि १ मार्च १८८४ पासून ती लागू झाली. आपण आजही तीच वापरतो.

उपयोगापुरते आकडे देतो. १४ म्हणजे २.०३ मि.मी., १६ म्हणजे १.६३, १८ म्हणजे १.२२, २० म्हणजे ०.९१, २२ म्हणजे ०.७१, २४ म्हणजे ०.५६ आणि २६ म्हणजे ०.४६. बाजारात बहुधा समच नंबर चालतात. बघा, दोन नंबरांमधलं अंतरसुद्धा सारखं नाही. १६ वरून १८ वर आलं की ०.४ मि.मी. जातात, २४ वरून २६ वर आलं की फक्त ०.१. म्हणून 'दोन नंबरांचा तर फरक आहे' असं कोणी म्हणालं तर मान्य करू नका.

गेटसाठी यापेक्षा महत्त्वाची गोष्ट पत्र्याचा ताठपणा. सपाट पत्रा वाकायला किती विरोध करतो ते जाडीच्या घनावर ठरतं. १८ ऐवजी २० गेज लावला तर जाडी पाव हिश्शाने घटते, पण ताठपणा ४२ टक्क्यांवर येतो, म्हणजे निम्म्याहूनही कमी. असं दार उघडताना पत्रा डबडब वाजतो आणि उन्हात मध्ये फुगतो. पातळ पत्राच लावायचा झाला तर मागून आडव्या पट्ट्या तरी द्याव्या लागतात किंवा पत्र्याला तिरक्या घड्या मारून घ्याव्या लागतात.

कृष्णाकाठ

मनापासून आभार. अनुक्रमांक म्हटल्यावर डोक्यात उजेड पडला. मग दुसरा 'एक एमएम धरा' म्हणाला तो फसवत होता का? माणूस सरळ वाटला.

जुनं_हार्डवेअर

फसवत असेलच असं नाही. आमचं पत्रा-लोखंडाचं दुकान तीन पिढ्यांचं आहे, म्हणून सांगतो.

वडील दुकानात बसायचे तेव्हा माप इंचात आणि सुतात. एका इंचात आठ सूत. जुने गवंडी आजही तीन सुती सळई मागतात, त्यांना १० मि.मी. हवी असते. चार सुती म्हणजे १२. जाड प्लेट आणि पट्टी सुतात सांगायची, पातळ पत्रा गेजमध्ये सांगायचा, अशी वाटणी होती. १९५६ चा वजनमापांचा कायदा आला, शेर-मण हळूहळू गेले, पण गेज टिकला. पत्र्याचा आकारसुद्धा अजून आठ बाय चार फूटच आहे. बिलावर तो २४४० बाय १२२० मि.मी. लिहितात एवढंच.

आता कारखान्यातून पत्रा मिलिमीटरमध्येच येतो: ०.५, ०.६, ०.८, १.०, १.२, १.६, २.०. गिऱ्हाईक मात्र गेज बोलतं. मग आम्ही दुकानदार जवळचा नंबर जोडून देतो. १.६ ला १६ आणि १.२ ला १८, हे दोन्ही चपखल बसतात. घोळ त्याखाली सुरू होतो. २० गेज तक्त्याप्रमाणे ०.९१, पण बाजारात ०.९ चा पत्राही २० म्हणून जातो आणि १.० चाही. २२ म्हणून कुणी ०.७ देतो, कुणी ०.८. एक मि.मी.ला काही गावांत १९ म्हणतात आणि काही फॅब्रिकेशनवाले तोंडाच्या सवयीने १८ सुद्धा म्हणतात. तुमचा दुसरा माणूस त्यातला असावा. त्याने आकडा मिलिमीटरमध्ये स्पष्ट सांगितला, ही त्याची जमेची बाजू धरा.

गेजला सरसकट नावं ठेवू नयेत असं माझं मत आहे. कामगारांची ती बोली आहे. कारागीर नुसत्या अंगठ्याने पत्रा चाचपून '२० आहे' म्हणतो आणि मोजल्यावर खरंच तसा निघतो, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. बोलायला गेज चालेल. बिलावर मात्र मिलिमीटर आणि वजन दोन्ही पाहिजे.

परिचारिका_ताई

हा धागा वाचून एक उलगडा झाला. आमच्या वॉर्डात सलाइनच्या सुया अशाच नंबराच्या असतात. १८ हिरवी, २० गुलाबी, २२ निळी, २४ पिवळी, आणि नंबर वाढेल तशी सुई बारीक. लहान बाळांना २४, अपघाताच्या रुग्णाला पटकन रक्त द्यायचं तर १८ किंवा त्याहून जाड. नवीन मुली आल्या की हमखास उलट समजतात आणि मी 'पाठच करा' म्हणून सांगत आले. यामागे तारेची भोकं आहेत हे ठाऊक नव्हतं. पुढच्या तुकडीला कारणासकट सांगेन.

भोसरीकर

ताई, बरोबर ओळखलंत. सुयांचे नंबर बर्मिंगहॅमच्या जुन्या तारेच्या यादीतून आलेत. ती १८८४ च्या यादीहून थोडी निराळी आहे, पण घराणं एकच.

हरितगृह_जुन्नर

आम्हा शेतकऱ्यांची बाजू राहिली. प्लास्टिकमध्ये सगळं याच्या बरोब्बर उलट आहे आणि त्यात माणसं फार फसतात.

पॉलिथिनच्या कागदाचा गेज म्हणजे इंचाचा एक लाखावा भाग. १०० गेज म्हणजे २५.४ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मि.मी.चा हजारावा भाग). तोंडी हिशोब सोपा, चार गेज म्हणजे एक मायक्रॉन. इथे नंबर मोठा तितका कागद जाड. पॉलिहाउसचा २०० मायक्रॉनचा कागद म्हणजे ८०० गेज, मल्चिंगचा, म्हणजे पिकाच्या वाफ्यावर अंथरायचा, २५ मायक्रॉनचा म्हणजे १००. शेततळ्याचं अस्तर मात्र थेट ५०० मायक्रॉन म्हणूनच मागतात, तिथे गेज कोणी बोलत नाही.

घात कुठे होतो ते सांगतो. दुकानदार म्हणतो "शंभरचा पेपर आहे". शेतकरी शंभर मायक्रॉन समजतो आणि हातात पडतो पंचवीसचा. माझ्या चुलत्यांना टोमॅटोच्या वेळी हाच अनुभव आला. तेव्हापासून आम्ही मल्चिंगचा रोल काट्यावर ठेवल्याशिवाय पैसे देत नाही. १.२ मीटर रुंद आणि ४०० मीटर लांब रोल म्हणजे ४८० चौरस मीटर. पॉलिथिन पाण्यापेक्षा थोडं हलकं असतं, घनता ०.९२ च्या आसपास. तेव्हा २५ मायक्रॉनचा रोल आतली नळी वजा करून ११ किलो भरला पाहिजे, ३० मायक्रॉनचा सव्वातेरा. नऊ भरला तर कागद वीसचाच आहे, वेष्टनावर काहीही छापलेलं असो. काळ्या किंवा चंदेरी कागदात रंगाची भर असते, त्याने वजन किंचित वाढतं, कमी होत नाही.

पातळ मल्चिंगचं दुखणं पीक निघाल्यावर कळतं. कागद उचलताना चिंध्या होतात आणि तुकडे मातीतच राहतात. जमीन आपलीच आहे, म्हणून तळमळून लिहिलं.

बाजाराच्या पिशव्यांचंही तेच. केंद्राच्या नियमात आधी किमान ५० मायक्रॉन होतं, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ झालं आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. गेजमध्ये म्हणाल तर २००, ३०० आणि ४८०. आपल्या राज्याने २०१८ मध्येच बंदी आणली होती, तो आणखी वेगळा विषय.

मिशिगनकर

मी डेट्रॉइटजवळ गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे. इथल्या याद्यांचं कोडं मलाही बरीच वर्षं सुटलं नव्हतं. एकाच देशात १६ गेजच्या चार जाड्या का? साधं स्टील १.५२, जस्त चढवलेलं १.६१, स्टेनलेस १.५९ आणि ॲल्युमिनियम १.२९.

उत्तर असं की इथला पत्र्याचा गेज मुळात जाडी नाही, वजन आहे. ३ मार्च १८९३ च्या अमेरिकी काँग्रेसच्या कायद्याने यादी ठरली तेव्हा घडीव लोखंड घनफुटाला ४८० पाउंड धरलं होतं. १६ गेज म्हणजे चौरस फुटाला ४० औंस. त्या लोखंडात याची जाडी बरोबर इंचाचा सोळावा भाग येते. पुढे लोखंडाच्या जागी स्टील आलं. ते थोडं जड. व्यापाऱ्यांनी वजन कायम ठेवलं, म्हणून जाडी घटली. स्टीलसाठी एक इंच जाडीला चौरस फुटामागे ४१.८२ पाउंड धरतात. अडीच पाउंडांना ४१.८२ ने भागा, ०.०५९८ इंच येतात, म्हणजे १.५२ मि.मी.

जस्ताच्या पत्र्याची गंमत अशी की त्या काळी त्यावर चौरस फुटाला अडीच औंस जस्त धरलं होतं. ४० मध्ये अडीच मिळवले, ४२.५ औंस. ते पुन्हा ४१.८२ च्या हिशोबाने भागले की ०.०६३५ इंच, म्हणजे १.६१. आता जस्ताचा लेप पुष्कळ पातळ असतो, तरी आकडा तोच चालू आहे. स्टेनलेसवाल्यांनी मूळचा सोळावा भागच धरून ठेवला. ॲल्युमिनियमची यादी तर निराळ्याच घराण्यातली. विजेच्या तारांसाठी वापरतात तीच, १८५७ ची ब्राउन अँड शार्प यांची.

इथे नव्याने आलेल्या मराठी मंडळींना एक सांगणं. स्वयंपाकघराचं सिंक घेताना १६ गेज आणि १८ गेज यांत भावाचा मोठा फरक दिसेल. जाडीत तो १.५९ आणि १.२७ असा आहे. भारतातून सिंक आणायचा विचार असेल तर तिथल्या १८ शी थेट तुलना करू नका, मिलिमीटर विचारा.

भोसरीकर

मिशिगनकर, तुमच्या या प्रतिसादाने माझी जुनी जखम उघडली. लिहितोच, कोणाच्या तरी कामी येईल.

लेझर कटिंगच्या शॉपमध्ये मी नवीन होतो. अमेरिकेच्या एका गिऱ्हाइकाचं चित्र आलं. पेटीचा सांगाडा स्टीलचा, वरचं सरकतं झाकण ॲल्युमिनियमचं, आणि दोन्हींवर लिहिलेलं '१६ गेज'. मी एसडब्ल्यूजीचा तक्ता उघडला आणि दोन्हींना १.६ मि.मी.चा पत्रा काढला. सांगाड्यात खोबण होती, झाकण त्यात सरकून बसायचं. त्यांच्या हिशोबाने झाकण १.२९ चं. आमचं १.६ चं झाकण खोबणीत शिरलंच नाही. सांगाडासुद्धा १.५२ ऐवजी १.६ चा झाल्याने प्रत्येक वाकणाला माप थोडं थोडं सरकलं होतं, कारण पत्रा वाकवताना किती लांबी धरायची ते जाडीवरच ठरतं. चार वाकणांत तो फरक साठत गेला. दोनशे नग भंगारात गेले. मालकांनी मला काढून टाकलं नाही, पण त्या महिन्यात त्यांनी स्वतःचा पगार घेतला नाही हे मला नंतर कळलं. ते मी विसरू शकत नाही.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. चित्रावर नुसता गेज दिसला की काम सुरू होत नाही. गिऱ्हाइकाला विचारायचं, मिलिमीटर किंवा इंचात जाडी लिहून मागायची आणि उत्तर आलं की मगच पत्रा कटिंगला लावायचा. जुनं_हार्डवेअर काका, बोलीबद्दल तुम्ही म्हणता ते पटतं. आमच्या शॉपमध्येही तोंडी सगळे १६-१८ च बोलतात. कागदावर मात्र नको.

दर्याकिनारी

कृष्णाकाठ सर, गोठ्याच्या छपराबद्दल मी लिहितो, कारण श्रीवर्धनच्या बाजूला आम्ही ते भोगलंय. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा वाडीतली अर्धी छपरं उडाली. कौलं परत मिळेनात, म्हणून बहुतेकांनी पत्रे घातले. सगळे गेज विचारत होते, मीही विचारला. चार पावसाळ्यांत शेजाऱ्यांच्या आणि आमच्या पत्र्यांत जमीनअस्मानाचा फरक पडला, जाडी सारखी असूनही.

फरक होता लेपात. जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या, पत्र्यावर चौरस मीटरला किती ग्रॅम जस्त आहे, हा आकडा वेगळा विचारावा लागतो. १२० ग्रॅमचा पत्रा असतो, तसा २७५ चाही असतो. हा आकडा दोन्ही बाजू मिळून आहे, ते विसरू नका. १२० मध्ये एका बाजूला जेमतेम ८ मायक्रॉन जस्त पडतं, २७५ मध्ये १९. दोन्ही पत्रे २४ गेजचेच, पण खारा वारा आधी जस्त खातो आणि मग लोखंडाला हात घालतो. दुप्पट जस्त असेल तर तो साधारण दुप्पट काळ टिकतो. आमच्या पत्र्याला स्क्रूच्या भोवती आणि कापलेल्या कडेला तिसऱ्या वर्षीच तांबूस कड आली.

रंगीत पत्र्यात आणखी एक मेख आहे. दुकानदार '०.५० चा' म्हणतो तेव्हा ती जाडी रंग आणि लेप धरून असते, त्याला टीसीटी म्हणतात. आतल्या लोखंडाची जाडी म्हणजे बीएमटी. जस्त-ॲल्युमिनियमचा १५० ग्रॅमचा लेप असेल तर त्याचे दोन्ही बाजू मिळून ४० मायक्रॉन जातात, रंगाचे आणखी ३०-३५. उरतं ०.४२ ते ०.४३. वारा अडवतं ते हे लोखंड. दोन दुकानांच्या दरांची तुलना करताना दोघांकडूनही बीएमटीच घ्या.

आणि आमच्याकडे उडालेले पत्रे फाटून उडाले नव्हते, स्क्रूसकट उपटून गेले होते. खालच्या आडव्या पाइपांमधलं अंतर जास्त आणि कडेला स्क्रू कमी. जाड पत्रा आणून पाइप लांब लांब टाकले तर पैसे वाया. कडेच्या ओळीत स्क्रू दाट मारून घ्या.

तांबटआळी

आमचं घर पुण्यात कसबा पेठेत, तांब्याच्या भांड्यांचं. तांब्याचा पत्राही आम्ही गेजनेच मागवतो, पण भांडं विकतो किलोवर. लोखंडाच्या वजनाचा तक्ता इथे चालत नाही, कारण तांबं जड. २० गेजचा एक चौरस फूट लोखंडी पत्रा ६६७ ग्रॅम भरतो, तोच तांब्याचा ७६१.

शिवाय पत्र्याचा गेज म्हणजे भांड्याचा गेज नव्हे. हंड्याचं पोट ठोकून फुगवलं की तिथे तांबं ताणलं जातं आणि पातळ होतं, बूड जवळजवळ मूळ जाडीचं राहतं. मठार, म्हणजे हातोडीचे ठोके, चांगली बसली असेल तर धातू कडक होतो, म्हणून पातळ पोटही पोचा सोसतं. गिऱ्हाईक काठ चिमटीत धरून भांडं जोखतं, पण काठ बहुधा आत दुमडलेला असतो, दुप्पट जाड लागतो. चिमटीऐवजी तराजूवर विश्वास ठेवावा असं मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

कृष्णाकाठ

केवढं शिकायला मिळालं! दोन दिवसांनी गावी जातोय. माझी भाची पॉलिटेक्निकला आहे, तिच्याकडून मायक्रोमीटर मिळेल. जागेवर पत्रा कसा तपासू, एवढं सांगा.

भोसरीकर

आधी मायक्रोमीटर मोकळा बंद करून शून्यावर येतो का ते पाहा. नसेल तर जितका पुढे-मागे आहे तितकं नंतर वजा किंवा जमा करा. पत्रा फडक्याने पुसा. अगदी कडेला मोजू नका. कापताना तिथे बर, म्हणजे धातूची खरबरीत कड, उठलेली असते आणि जाडी खोटी जास्त दिसते. कडेपासून बोटभर आत, तीन-चार ठिकाणी मोजा. मागच्या छोट्या खटक्यानेच आवळा, 'टक टक' झालं की थांबा. हाताच्या जोराने आवळलं तर माप दर वेळी वेगळं येईल. व्हर्निअरने ढोबळ अंदाज येतो, पण अर्ध्या मि.मी.च्या पत्र्यात त्याचा एक घरसुद्धा मोठा असतो.

रंगवलेला तुकडा दाखवला तर रंग खरवडून मोजा. पावडर कोटिंग एका बाजूला ६० ते ८० मायक्रॉन असतं. दोन्ही बाजू धरल्या तर १.२ दिसणारा पत्रा आत १.०५ चा निघू शकतो.

मायक्रोमीटर नसेल तर वजन करा, मला स्वतःला तेच अधिक भरवशाचं वाटतं, कारण त्यात पूर्ण पत्र्याची सरासरी येते. साधं स्टील चौरस मीटरला प्रत्येक मि.मी.मागे ७.८५ किलो. आठ बाय चारचा पत्रा १ मि.मी. जाड असेल तर २३.३ किलो, १.२ चा २८ किलो, १.६ चा ३७.३. काट्यावरचा आकडा २३.३ ने भागा, जाडी मिळाली. छपराच्या पन्हाळी पत्र्याला रुंदी वळणासकट धरायची. तो बहुधा १२२० मि.मी. रुंद कॉइलमधून वळवलेला असतो. अशा दहा फुटी रंगीत पत्र्यात आतलं लोखंड ०.४२ असेल तर वजन लेपासह १३ किलोच्या आसपास, ०.३५ असेल तर ११.

थोडी तफावत कारखान्यातूनच येते, मानकात तेवढी मुभा असते. १.२ च्या जागी १.१७ दिसला तर भांडू नका. ०.९ दिसला तर ती तफावत नाही.

जुनं_हार्डवेअर

एक भर. किलोवर घेत असाल तर पातळ पत्र्याने पैशाचं नुकसान होत नाही, मजबुतीचं होतं. नगावर किंवा चौरस फुटावर घेत असाल तर दोन्ही होतं. गेटचा दर चौरस फुटावर ठरलाय का किलोवर, ते आधी पाहा. आणि बिलावर असं लिहून घ्या: 'एमएस सीआर पत्रा, १.२ मि.मी., ८ बाय ४ फूट, २ नग, वजन अमुक'. सीआर म्हणजे थंड लाटलेला.

कृष्णाकाठ

जाऊन आलो. सांगितल्याप्रमाणे तिघांकडेही पत्रा काट्यावर ठेवायला लावला. कुणीही नाही म्हणालं नाही, हे मुद्दाम नोंदवतो.

पहिल्याचा पत्रा २७.८ किलो भरला. मायक्रोमीटरवर १.१९, १.१८, १.२०. दुसऱ्याचा २३.२ किलो, म्हणजे त्याने सांगितल्याप्रमाणे एक मि.मी. तिसऱ्याचा २१. भागून बघितलं तर ०.९, मायक्रोमीटरवरही तेवढाच. तिसऱ्याला आकडा दाखवला तर तो स्वतःच गोंधळला. त्याच्या दुकानदाराने त्याला तो १८ म्हणूनच दिला होता आणि तो वर्षभर तसाच लावत आलाय. त्याला वजनाचा हिशोब वहीत लिहून दिला. १.२ चा पत्रा धरून त्याने दर पुन्हा काढला तेव्हा तो पहिल्याच्या दराच्या अगदी जवळ आला. म्हणजे सगळा फरक पत्र्याचाच होता.

तिन्ही दर चौरस फुटावर होते, काकांनी सांगितलं ते विचारलं म्हणून कळलं. काम पहिल्याला दिलं. मागून दोन आडव्या पट्ट्या घालायच्या ठरल्या आहेत, बिलावर मिलिमीटर आणि वजन दोन्ही आहे.

छपराचे पत्रेही घेतले, ०.५० टीसीटी, १५० ग्रॅमचा लेप. दहा फुटी चौदा नग, प्रत्येकी १३ किलोला थोडे वर भरले. दर्याकिनारी, आडव्या पाइपांमधलं अंतर आधी साडेचार फूट आखलं होतं, ते साडेतीनवर आणलं आणि कडेचे स्क्रू वाढवले. वडील काट्याशेजारी उभं राहून प्रत्येक पत्र्याचं वजन पाटीवर खडूने लिहीत होते. शनिवारी छप्पर चढतंय.